मरळीतला जंत

वैशाख लागला की बाटल्यांतलं स्पिरिट उतरतं. बूच कितीही घट्ट बसवा, वरून मेण लावा, ते कुठून वाट काढतं देव जाणे. चैत्रात काठोकाठ भरलेली बाटली वैशाखाच्या मध्यावर बोटभर रिकामी झालेली असते आणि आतला जंत उघडा पडून वाळायला लागतो. म्हणून आमच्या धंद्यात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बाटल्या भरायची वेळ. लोक गच्चीवर कुरडया-पापड घालतात, तेव्हा आम्ही स्पिरिट भरतो. एकेक बाटली खाली काढायची, बूच उघडायचं, नळीनं धार सोडायची, चिठ्ठीवरची शाई पसरली नाही ना ते बघायचं, परत बूच, परत मेण. सगळी नोकरी मी दर वैशाखात हे केलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

निवृत्त झाले तेव्हा सगळ्या बाटल्या कॉलेजला देऊन टाकल्या. एक सोडून. ती इथं पिंपळे सौदागरला, भाचीच्या घरात, माझ्या कपाटात औषधांच्या मागे उभी आहे. "मावशी, त्यात काय आहे गं?" असं भाचीनं एकदाच विचारलं. "जंत," मी म्हटलं. तिनं कपाटाचं दार लावून घेतलं ते लावून घेतलं. बरंच झालं. पुढचं विचारलं असतं तर काय सांगणार होते मी?

आज सकाळी पाहिलं तर स्पिरिट बोटभर उतरलंय. अकराव्या मजल्यावरही वैशाख बरोबर पोचतो.

माझा जन्म जंतांत गेला. हसू नका, खरंच. माशांच्या आणि पाणपक्ष्यांच्या आतड्यांत, यकृतावर, डोळ्यांच्या मागे जे जंत राहतात त्यांची मी अभ्यासक. तेव्हा, पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत, मुलीनं प्राणिशास्त्र घेणंच आगाऊपणाचं होतं, त्यात मी घेतले जंत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, आणि मी संध्याकाळी माशाचा वास घेऊन दारात उभी. आई मागच्या दारी बादली भरून ठेवायची, हातावर राख ओतायची आणि तोंड फिरवून म्हणायची, "घास. अजून घास." स्थळं यायची. मुलगी काय करते? तर माशांच्या पोटातले जंत मोजते. चहा तसाच ठेवून लोक उठायचे. मला काडीचं वाईट वाटत नसे. सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी सोंडेचा जंत पहिल्यांदा पाहिला होता ना, तेव्हाच माझं जमलं होतं.

मासे मी निघोज्याहून आणायची. आज त्या गावाच्या चहूबाजूंनी कंपन्या आहेत, तेव्हा बाजरीची शेतं होती. पुण्याहून एस.टी.नं नाशिकच्या रस्त्याला लागायचं, फाट्यावर उतरायचं आणि उरलेली वाट उन्हातून तुडवायची. खांद्याला पिशवी, पिशवीत कात्र्या, चिमटे, रिकाम्या बाटल्या आणि स्पिरिट. दारूबंदीचे दिवस. एकदा परतताना एस.टी.त पोलिसानं पिशवी हुंगली आणि मला सगळ्यांदेखत खाली उतरवलं. मी परवाना काढून दाखवला. त्यानं तो उलटासुलटा वाचला, एका बाटलीत वेटोळं घातलेलं काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "जावा बाई, जावा." सगळी एस.टी. हसली, मीही हसले.

वैशाखात इंद्रायणी वाहत नसे. ती थांबायची. मधले खडक उघडे पडायचे, त्यांच्यावर वाळलेलं शेवाळ पापुद्र्यांनी सुटायचं, आणि पाणी म्हणून काय उरायचं तर डोह. नदीभरचा मासा त्या डोहांत गोळा व्हायचा. काठावर ओळीनं पाणकावळे, पंख पसरून वाळत बसलेले. चिखलाचा, गोगलगायींचा, तापलेल्या दगडांचा वास यायचा. मला तो वास अजून येतो. कपाट उघडलं की येतो, आणि स्पिरिटचा वास त्यात मिसळतो.

डोहावर मासे धरायचा तो भिवा भोई. बोलायला अगदी कंजूष माणूस. सगळं बोलणं त्याच्या बायकोच्या वाट्याला आलेलं. तिचं नाव ठकूबाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, उंच, काळीसावळी, पाठ सरळ. भिवानं मासा धरायचा आणि तिनं पाटी डोक्यावर घेऊन चाकणच्या बाजारात विकायचा, हा त्यांचा संसार. मी तिला 'तू' म्हणायची आणि ती मला 'तुमी'. वयानं मोठी असून. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

मासा फाडण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. माझी कात्री दोन वेळा तरी आतडं कापायची. तिच्या विळीवर मरळ पडली की पोट असं उघडायचं की आतलं एक आतडंही फुटत नसे. जंतांना तिनं स्वतःची नावं ठेवली होती. काटेरी सोंडेचा तो 'काटेवाला'. वाम माशातला चपटा तो 'नाडी'. यकृतावर वेटोळं करून बसलेला तो 'निजल्याला'. "बाई, ह्यो बगा निजल्याला. उटवू का?" असं म्हणून ती हसायची. मी वहीत लॅटिन नावं लिहायची, आणि खरं सांगते, पहिल्या वर्षी तिची नावं माझ्या नावांपेक्षा जास्त वेळा बरोबर निघाली.

तिनंच मला पहिल्यांदा विचारलं, "माशात ह्यो आला कुटनं?" मी तिला काठावर बसून समजावून दिलं. पाणकावळा मासा खातो, त्याच्या पोटात जंत मोठा होतो, त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, पाण्यातल्या गोगलगायीत शिरतात, तिथून माशात, मासा परत पाणकावळ्यात. तिनं काठावरच्या पक्ष्यांकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं. "म्हंजी ह्यातलं येक जरी गेलं तर समदंच गेलं की," ती म्हणाली. माझ्या प्रबंधाचं सार तिनं तिथल्या तिथं सांगून टाकलं. मी ते पुढं चाळीस पानांत लिहिलं आणि तिचं नाव कुठंही घातलं नाही.

आमच्या सरांचं एकच तुणतुणं होतं. "अखंड आहे का? तोंड आहे का? तोंड नसेल तर फेकून द्या." जंत ओळखायचा तो तोंडावरून. तुटका जंत म्हणजे नुसता दोरा. त्यामुळे जंत न तोडता काढणं हे आमचं खरं कसब. मेलेल्या माशाचं आतडं गार पाण्यात ठेवायचं, जंत सैल पडायची वाट बघायची आणि मग केसाच्या कुंचल्यानं हलकेच ओढून घ्यायचा. माझा हात त्यात बसला होता. सर चारचौघांत म्हणायचे, हिच्या हातून जंत तुटत नाही. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं फुगून चालत होते.

त्या वैशाखात भोईवाडीत नारू निघाले.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांचं नशीब चांगलं. हाही जंतच, पण माणसाचा. पाण्यातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा पाण्याबरोबर पोटात जातो, त्याच्यातून हा शिरतो आणि वर्षभर कातडीखाली वाढतो. मग पायाला आग होते, फोड येतो, फोड फुटतो आणि पांढरं शेवईएवढं टोक बाहेर येतं. आग शमवायला माणूस विहिरीत पाय सोडतो आणि जंत तेवढ्यात आपली पिल्लं पाण्यात सोडतो. भोईवाडीची विहीर पायऱ्यांची होती. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि तिथंच कळशी बुडवायच्या. मी सांगितलं होतं, चारपदरी फडक्यातून पाणी गाळून प्या. ठकूबाई म्हणाली होती, "गाळाया येळ कुनाला हाय बाई? तुमी पुन्यास्नं पानी आनता फिरकीच्या तांब्यात, आमच्याकडं फिरकी कुटं?" मी विषय सोडून दिला होता. माझा विषय मासे होता.

मग तिच्याच नडगीतून नारू निघाला. मी पोचले तेव्हा ती अंगणात पाय लांब करून बसली होती आणि तिची सासू चिमाआत्या तिच्या पायाशी होती. नारू काढायची रीत ठरलेली. बाहेर आलेलं टोक तुरीच्या बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज ती काडी थोडी फिरवायची. दोन बोटं, फार तर तीन. ओढ लागली की थांबायचं, काडी चिंधीनं पायाला बांधून टाकायची आणि उद्यापर्यंत विसरायचं. असे तीन-तीन आठवडे जातात. चिमाआत्याचा हात त्यात मुरलेला. तिनं गावातले किती नारू काढले असतील, आणि एकही तुटला नव्हता. हे मी तेव्हा ऐकलं आणि तिच्या हाताकडं बघितलंही नाही. मी बघत होते काडीवरच्या त्या पांढऱ्या दोऱ्याकडं. आमच्या संग्रहात नारू नव्हता. अखंड, तोंडासकट, ताजा.

"तीन आटवडं बसू व्हय मी?" ठकूबाई चिडून म्हणाली. "हेच दिस हायत माशाचे. डोह आटला का संपलं. बाजार कोन करील, आत्या का?" मग माझ्याकडं वळून, "तुमी माशातला येवढा मोटा जंत येका दमात काढता. न तोडता. माजा बी काढा की बाई."

"न्हाई गं," चिमाआत्या म्हणाली. "मासा मेल्याला असतो. तू जित्ती हायस."

हे एवढंच ती बोलली. सगळं शास्त्र त्यात होतं. मेलेल्या माशात जंताला धरून ठेवणारं काही उरत नाही. जिवंत मांसात तो स्नायूंमधून, शिरांमधून ओवलेला असतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पानसुद्धा डोळ्यांसमोर होतं. पण मी म्हटलं, "बघू या. गार पाणी आणा."

तिनं मागितलं म्हणून मी केलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. तिनं मागितलं नसतं तर मीच सुचवणार होते. शब्द माझ्या तोंडात आलेले होते.

पायावर गार पाण्याची धार धरली. काडी सोडवली. कुंचल्याच्या मागच्या टोकावर दोरा घेतला आणि हलकेच ओढला. आला. काय सुंदर आला! वीतभर, मग आणखी चार बोटं. पांढरा, ओला, कुठंही गाठ नाही. ठकूबाई दात दाबून हसत होती. "बगा आत्या, बगा." मी तर श्वासच घेत नव्हते. थोडी ओढ लागली. इथं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

तुटल्याचा आवाज होत नाही. फक्त हातातली ओढ जाते. आतला तुकडा सर्रकन आत गेला आणि ठकूबाई अशी ओरडली की डोहावरचे पाणकावळे उडाले.

आणि त्या क्षणी मी काय केलं? हेच सांगायचंय मला, बाकी सगळं प्रस्तावना आहे. मी बाटली शोधली. ती पाय धरून अंगणात लोळत होती, चिमाआत्या माझ्या नावानं काहीतरी ओरडत होती, आणि मी पिशवीत हात घालून बाटली शोधत होते. तुकडा वाळेल म्हणून. आधी बाटली, आधी स्पिरिट, आधी बूच. मग मी तिच्याकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्याही नाही. पेपर तपासायचे आहेत, असं घरी सांगितलं. घाबरले होते. सरांना बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "तोंड आहे. छान. अर्धा तर अर्धा." चिठ्ठीवर क्रमांक पडला.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा अंगणातूनच वास आला. पाय गुडघ्यापर्यंत सुजून तकतकीत झाला होता. आत राहिलेला तुकडा सडला होता आणि त्यातलं विष पायभर पसरलं होतं. तापानं तिचे ओठ फुटले होते. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, तो तुकडा द्या माजा."

"कशाला?"

"जाळाया. ज्याच्या अंगातला त्यानंच सोताच्या हातानं जाळायचा आसतो. मग आतला मरतो आन् पाय सुटतो. आत्या काडून दिल तवा परतेक जन जाळतो. माजा तेवडा ऱ्हायला."

मला रागच आला. खरंच सांगते, कीव नाही आली, राग आला. मी हिला रोगाचं सगळं चक्र समजावून सांगितलं, तिला ते समजलं होतं, आणि ही जाळाजाळीचं बोलते? शिवाय बाटलीवर क्रमांक पडला होता.

"तो फेकून दिला गं मी. तेव्हाच."

"कुटं?"

"नदीत."

"मग आता कसा सुटायचा?" असं म्हणून तिनं भिंतीकडं तोंड केलं.

भिवानं तिला बैलगाडीतून चाकणला नेलं, तिथून पुण्याच्या इस्पितळात. पाय राहिला. गुडघा मात्र आखडला, तो कायमचा. वाकेना, सरळही होईना. पाटी डोक्यावर घेऊन चालायचं तर पाय सरळ पडावा लागतो. विकणारी घरात बसल्यावर मासे धरून करायचं काय? पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता. भिवानं जाळं आढ्याला टांगलं आणि तिकडं पाट्या टाकायला गेला. माझं काम दुसऱ्या डोहांवर, दुसऱ्या कोळ्या-भोयांकडं चालू राहिलं. माझा प्रबंध झाला. लोकांनी कौतुक केलं.

मधे भाची गाडीतून निघोज्याला घेऊन गेली होती. डोह कुठला ते मला सांगता आलं नाही. पाण्यावर जलपर्णीचं हिरवं रान, आणि जिथं ते नाही तिथं कमरेएवढा पांढरा फेस. पाणकावळा एक नाही. गोगलगायी नाहीत, मी काठी घालून चिखल उकरला. काठावर कंपनीचा गणवेश घातलेला एक जण फोनवर बोलत उभा होता, त्याला विचारलं, मासे मिळतात का हो? "कसले मासे आजी? हितं पाय बी घालू नका, खाज सुटती," तो म्हणाला. नारू गेला देशातून, ते उत्तमच झालं. पण माझे जंतही गेले. जंतांसाठी माणसाला रडू येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी गाडीत बसून चांगली रडले आणि भाचीला वाटलं मला ऊन लागलं.

येक जरी गेलं तर समदंच गेलं की.

ठकूबाई एकदाच कॉलेजात आली होती. त्या वैशाखानंतर दोन वर्षांनी, तेही वैशाखातच. पाय दाखवायला इस्पितळात आली होती, तिथून काठी टेकत, विचारत विचारत आली. शिपाई म्हणाला, "बाहेर कोणीतरी बाई आहे, जंताच्या बाई कुठायत विचारते." मी टेबलावर बाटल्या मांडून स्पिरिट भरत होते. ती दारात उभी. पाठ अजून सरळ, पाय वाकडा. हातात ओल्या पानांचं गाठोडं.

"मरळ आनली तुमाला," ती म्हणाली. "डोहातली. पोट लागतंया हाताला, जंत भरपूर असत्याल."

मी तिला पाणी दिलं. स्टूल दिलं, पण गुडघा वाकत नसल्यामुळे तिला त्यावर बसता येईना, म्हणून ती उभीच राहिली. टेबलावरच्या बाटल्या पाहून तिचा चेहरा उजळला. "आवो, ह्यो काटेवाला! ही नाडी. आन् ह्यो आपला निजल्याला, अजून निजलाच व्हय?" एकेका बाटलीवर बोट ठेवत ती ओळीनं पुढं चालली होती. मी कौतुकानं हसत होते, आणि ओळीत शेवटी कोणती बाटली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आलं तेव्हा उशीर झाला होता.

ती थांबली. बाटलीत वीतभर पांढरा दोरा, एक टोक तुटलेलं.

"ह्यो कशातला?"

चिठ्ठी इंग्रजीत होती. तिला वाचता येत नव्हतं. अजूनही वेळ होती. खरं बोलले असते तर काय झालं असतं? फार तर एक नमुना गेला असता. टेबलावर काड्यापेटी होती, मेण वितळवायला ठेवलेली. बाटली तिच्या हातात द्यायची, बस्स.

"मरळीतला," मी म्हटलं.

"मरळीतला?"

"हो."

तिनं बाटली उचलली नाही. नुसतं बोट काचेवर ठेवलं. हजारो मरळी फाडलेली बाई ती. मरळीच्या पोटात काय असतं आणि काय नसतं, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"असंल," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या. तुमी म्हनता तर असंल."

काठी उचलली, "येते," म्हणाली आणि गेली. जिना उतरताना तिची काठी, मग पाय, मग काठी, असं खालच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. तिनं आणलेली मरळ मी दुपारी फाडली. जंत खरंच भरपूर होते.

पुढं केव्हातरी ती गेल्याचं कळलं. कसल्या दुखण्यानं, ते मी विचारलं नाही.

दर वैशाखात मनात येतं, काड्यापेटी घ्यावी आणि संपवून टाकावं. स्पिरिटमध्ये मुरलेला आहे, काडी लावायचा अवकाश, भुर्रकन जाईल. पण तो ज्याच्या अंगातला त्यानंच जाळायचा असतो. माझा त्या रीतीवर विश्वास नाही. तरी हात पुढं होत नाही. आजही खालच्या दुकानातून स्पिरिट आणवलं, बूच काढलं आणि बाटली काठोकाठ भरून ठेवली.